लवचिक रेणूची हालचाल टेराहर्ट्झमध्ये नेमकी कशी दिसते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या रेणूत दोन बेंझिन वलयं आहेत, मध्ये चार कार्बनची साखळी, एक अमाइड गट आणि टोकाला एक मिथिल. रेणुभार 300 च्या आसपास. एनएमआरमध्ये (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुनादाच्या तंत्रात) साखळीच्या हालचालीची नुसती सरासरी दिसते, म्हणून तुम्ही टेराहर्ट्झ टाइम-डोमेन यंत्राकडे वळलात, म्हणजे पदार्थातून टेराहर्ट्झ लाटेचं स्पंद पाठवून कुठल्या वारंवारता शोषल्या जातात ते दाखवणाऱ्या यंत्राकडे. पॉलिथिलीनच्या भुकटीत दहा टक्के सॅम्पल मिसळून 1 मिलिमीटर जाडीची पेलेट (चकती) दाबली, 20 पिकोसेकंदांचं स्कॅन घेतलं, आणि 0.84, 1.10, 1.36, 1.67, 1.97, 2.24 टेराहर्ट्झ अशी सहा शिखरं मिळाली. आता यातलं कुठलं शिखर कुठल्या बंधाच्या पिळाचं, असं तुम्ही विचारताय.

थेट सांगायचं तर या सहातलं एकही शिखर एकट्या बंधाचं नसणार, आणि त्यातली निदान दोन तुमच्या रेणूचीच नसावीत असा माझा संशय आहे. रेणू कसा हलतो हे या यंत्रातून कळतं, बरंच कळतं. फक्त ‘कुठला बंध’ असं विचारून चालत नाही, ‘कोण कोण मिळून हलतंय’ असं विचारावं लागतं.

अवरक्त वर्णपटाची सवय लागलेल्या रसायनशास्त्रज्ञाची इथे हमखास फसगत होते. तिथे 1700 प्रति सेंटिमीटरला शिखर दिसलं की कार्बोनिल म्हणायचं, 3300 ला दिसलं की एन-एच किंवा ओ-एच. ही सोय मिळते कारण ते बंध ताठ स्प्रिंगसारखे असतात. बाकीचा रेणू स्वस्थ बसलेला असताना दोन अणू आपल्यापुरते कंप पावतात. 1 टेराहर्ट्झ म्हणजे त्याच मोजपट्टीवर जेमतेम 33 प्रति सेंटिमीटर. एका आंदोलनाला 1 पिकोसेकंद लागतो, तरंगलांबी 0.3 मिलिमीटर, फोटॉनची ऊर्जा साधारण 4 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. कार्बोनिलचा ताण या हिशेबात 51 टेराहर्ट्झला जाऊन बसतो. कंपन इतकं संथ व्हायचं तर स्प्रिंग फार मऊ हवी किंवा हलणारं वस्तुमान फार मोठं हवं. लवचिक रेणूत दोन्ही एकदम मिळतं. एकेरी बंधाभोवतीचा पीळ मऊ, आणि त्या बिजागरीवर फिरतं ते अख्खं बेंझिन वलय किंवा अर्धी साखळी. शेजारचा पीळही तेवढाच मऊ, त्यामुळे तोही ओढला जातो. एक बिजागरी हलली आणि बाकीच्या थांबल्या, असं होतच नाही.

आणखी एक आकडा मनात पक्का करून ठेवा. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा सुमारे 25 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे 6 टेराहर्ट्झहून थोडी जास्त. 1 टेराहर्ट्झच्या कंपनाच्या तळाच्या पातळीवर 100 रेणू असतील तर त्याच्या वरच्या पातळीवर 85 असतात, त्याच्या वरच्या पातळीवर 72. कार्बोनिलच्या बाबतीत वरची पातळी जवळजवळ रिकामी असते, इथे मात्र सगळे मजले भरलेले. मऊ कंपनांत या मजल्यांमधली अंतरं सारखी नसतात, त्यामुळे प्रत्येक उडी किंचित वेगळ्या वारंवारतेला दिसते आणि शिखर पसरट होतं. द्रव हेलियमच्या मदतीने 10 केल्व्हिनपर्यंत उतरलात तर वरच्या पातळीवर शंभरात एकही उरत नाही. म्हणून माझ्या मते लवचिक रेणूचा खोलीच्या तापमानाचा वर्णपट ही फक्त सुरुवात असते. खरं काम क्रायोस्टॅट (सॅम्पल थंड ठेवणारं उपकरण) जोडल्यावर सुरू होतं.

आता ‘हालचाल’ या शब्दाकडे येऊ, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात आणि बरेच वाद त्यातूनच होतात. एक म्हणजे ऊर्जेच्या खळग्यातली थरथर: साखळी आपल्या आवडत्या आकारात बसलेली आहे आणि त्या आकाराभोवती पाचदहा अंशांनी डोलते आहे. दुसरी म्हणजे अडथळा ओलांडून शेजारच्या खळग्यात मारलेली उडी, म्हणजे साखळीच्या सरळ (अँटी) आकाराचा वळलेला (गॉश) आकार होणं. थरथर टेराहर्ट्झमध्ये शिखर म्हणून दिसते. उडी दिसत नाही, निदान शिखर म्हणून तरी नाही. साधा हिशेब करून पाहा. अडथळा 12 किलोज्यूल प्रति मोल असेल, इथेनच्या पिळाएवढा, तर खोलीच्या तापमानाला सरासरी 20 पिकोसेकंदांत एक उडी पडते. 20 किलोज्यूल असेल तर अर्धा नॅनोसेकंद, आणि 40 असेल तर दीड मायक्रोसेकंद. म्हणजे अगदी सोप्या अडथळ्याच्या दोन उड्यांमध्येही 1 टेराहर्ट्झची वीसेक आंदोलनं होऊन जातात. 20 पिकोसेकंदांच्या उड्यांचा डायइलेक्ट्रिक (विद्युतक्षेत्राला मिळणारा) प्रतिसाद सर्वांत जास्त असतो 8 गिगाहर्ट्झच्या आसपास. त्याची फक्त शेपटी तुमच्या खिडकीत येते, वारंवारतेबरोबर सावकाश बदलणारी पार्श्वभूमी बनून. ‘बेसलाइन खराब आली’ म्हणून ती पुसून टाकणारे मी बरेच पाहिलेत. तुम्हाला हवी ती माहिती कधीकधी त्या पुसलेल्या भागातच असते. मायक्रोसेकंदांच्या उड्यांसाठी मात्र टेराहर्ट्झच्या मागे लागू नका, तिथे एनएमआरच योग्य.

तुमच्या सहा शिखरांकडे वळते. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण चुकीच्या शिखरावर उभं केलेलं स्पष्टीकरण कितीही देखणं असलं तरी फुकट.

1.10 आणि 1.67 हे आकडे वाचल्याबरोबर मला पाण्याची वाफ आठवली. वाफेच्या ठळक रेषा 0.557, 0.752, 0.988, 1.097, 1.113, 1.163 टेराहर्ट्झला आहेत, पुढे 1.21 आणि 1.23 च्या आसपास एक जोडी, मग 1.41, 1.67, 1.72. तुमचं स्कॅन 20 पिकोसेकंदांचं, म्हणजे विभेदनक्षमता 50 गिगाहर्ट्झ. 1.097 आणि 1.113 मध्ये अंतर फक्त 16 गिगाहर्ट्झचं, तेव्हा त्या दोन्ही मिळून तुम्हाला 1.10 ला एकच ठेंगणं शिखर दिसणार. खात्री करायची असेल तर 0.557 आणि 0.752 ला बारीकसा खळगा किंवा उंचवटा आहे का ते बघा. असेल तर नायट्रोजनचा पर्ज (पेटीतली दमट हवा कोरड्या नायट्रोजनने हुसकणं) अपुरा आहे. नुसता अपुरा असून भागत नाही, तो रेफरन्स (सॅम्पलशिवायचं) आणि सॅम्पल या दोन स्कॅनमध्ये वेगवेगळा अपुरा असतो, म्हणून भागाकार केल्यावर वाफ शिल्लक राहते. पेलेट बदलायला झाकण उघडलं की पुन्हा वीसेक मिनिटं थांबायचं आणि आर्द्रतामापकाचा आकडा दोन्ही वेळा तोच आहे हे वहीत लिहायचं. या तंत्राच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक, ग्रिशकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेला, पाण्याच्या वाफेवरच होता. त्यांचा अभ्यासविषय आज आपली डोकेदुखी होऊन बसला आहे. 2.24 बद्दलही मी आत्ता काही बोलणार नाही. 2 टेराहर्ट्झच्या पुढे वाफेच्या रेषांची गर्दी होते आणि बहुतेक यंत्रांचा सिग्नलही तिथे उतरणीला लागलेला असतो.

दुसरा संशय पेलेटच्या जाडीचा. याचा फटका मी स्वतः खाल्लाय. उमेदवारीच्या काळात एका लांब साखळीच्या एस्टरवर काम करत होते. अर्ध्या मिलिमीटरच्या पातळ, सुबक पेलेट दाबायचे आणि प्रत्येक वर्णपटात शिखरांची माळ दिसायची: 0.6, 0.8, 1.0, 1.2, 1.4. साखळीच्या पिळांची ही एकापाठोपाठची पायरी आहे अशी माझी ठाम समजूत झाली आणि महिनाभर मी त्यावर आकृत्या काढत बसले. एक दिवस पूड थोडी जास्त पडली, पेलेट 1 मिलिमीटरची झाली, आणि माळेतलं अंतर 0.2 वरून 0.1 वर आलं. रेणू तोच, साखळी तीच. मग कळलं की लाट पेलेटच्या दोन पृष्ठभागांमध्ये पुढेमागे आपटत होती. या प्रतिध्वनीमुळे उमटणाऱ्या लहरींमधलं अंतर म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले अपवर्तनांक आणि जाडी यांच्या गुणाकाराची दुप्पट. अपवर्तनांक 1.5 आणि जाडी अर्धा मिलिमीटर घालून पाहा, बरोबर 0.2 टेराहर्ट्झ येतं. महिनाभर मी साखळीचा नव्हे, पेलेटच्या जाडीचा अभ्यास करत होते.

तुमच्या 1 मिलिमीटरच्या पेलेटमध्ये पहिला प्रतिध्वनी मुख्य स्पंदानंतर 10 पिकोसेकंदांनी येतो, आणि तुमचं स्कॅन 20 पर्यंत जातं. म्हणजे प्रतिध्वनी आत आलाय. 10 च्या आधीच स्कॅन कापलं तर विभेदनक्षमता 100 गिगाहर्ट्झपर्यंत घसरेल, तो उपाय नव्हे. पेलेट 3 मिलिमीटरची करा. सॅम्पल तेवढंच ठेवा, पॉलिथिलीन वाढवा. मग प्रतिध्वनी 30 पिकोसेकंदांवर जातो आणि 28 पर्यंतचं स्वच्छ स्कॅन मिळतं, म्हणजे सुमारे 36 गिगाहर्ट्झ. त्यासाठी डिले स्टेज (लाटेला उशीर करणारा सरकता आरसा) फक्त 4 मिलिमीटरच्या आसपास सरकवावी लागते, कारण लाट जाऊन-येऊन अंतर कापते आणि दर पिकोसेकंदाला स्टेज 150 मायक्रोमीटरच हलते.

पूड बारीक करण्याबद्दल थोडक्यात. कण तरंगलांबीच्या मानाने लहान हवेत, नाहीतर विकिरणामुळे वर्णपट उजवीकडे चढत जातो. 3 टेराहर्ट्झला तरंगलांबी 0.1 मिलिमीटर, म्हणून 50 मायक्रोमीटरच्या खाली राहिलेलं बरं. पण खलबत्त्यात जोर लावाल तर स्फटिकाचं रूपच बदलू शकतं. कार्बामॅझेपिन या औषधाचे पहिलं आणि तिसरं स्फटिकरूप घ्या. रेणू तोच, मांडणी वेगळी, आणि टेराहर्ट्झचे वर्णपट इतके वेगळे की पाहताक्षणी ओळखू यावेत. लॅक्टोज मोनोहायड्रेटचं 0.53 टेराहर्ट्झचं शिखर इतकं टोकदार आहे की यंत्र तपासायला आम्ही तेच वापरतो, पण पूड तापवून स्फटिकातलं पाणी उडवलं की ते शिखर जातं. म्हणून पेलेट दाबून झाल्यावर पुन्हा एकदा एक्स-रे विवर्तन करून बघा. मूळ पुडीचं विवर्तन फाईलमध्ये आहे, एवढ्यावर समाधान मानू नका.

एवढं सगळं केल्यावर तुमच्याकडे बहुधा तीन शिखरं उरतील: 0.84, 1.36 आणि 1.97. आता ती कुणाची?

स्फटिकात तुमचा रेणू एकटा नाही. समजा एकक कोठीत (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान ठोकळ्यात) चार रेणू आहेत, सेंद्रिय स्फटिकांत वारंवार आढळणाऱ्या पी-ट्वेंटीवन-बाय-सी या सममितीत. प्रत्येक अख्खा रेणू तीन दिशांना सरकू शकतो आणि तीन अक्षांभोवती डोलू शकतो, म्हणून चारांची मिळून 24 बाह्य कंपनं. त्यातली 3 ध्वनिलहरींची, उरली 21. सममितीच्या नियमाने त्यातली 9 प्रकाश शोषू शकतात. तुमच्या रेणूत मऊ पीळ सात धरले तर चार रेणूंचे 28, त्यातले 14 शोषू शकणारे. म्हणजे 23 कंपनं, बहुतेक 4-5 टेराहर्ट्झच्या आत कोंबलेली, आणि दिसतायत तीन शिखरं. काहींची तीव्रता नगण्य असेल, काही एकमेकांत मिसळली असतील. शिवाय पीळ आणि डोलणं यांच्या वारंवारता जवळजवळ आल्या की ती कंपनं स्वतंत्र राहत नाहीत, एकमेकांत कालवली जातात. लॅक्टोजच्या 0.53 च्या शिखरात मोठा वाटा अख्ख्या रेणूच्या डोलण्याचा आहे. रेणूला स्वतःचे लवचिक सांधे आहेत म्हणून शिखर त्या सांध्यांचंच असलं पाहिजे, असं धरून चालता येत नाही.

शेजाऱ्यांचा दाब किती असतो याचं माझं आवडतं उदाहरण बायफेनिल. दोन बेंझिन वलयं, मध्ये एक बंध, याहून साधी बिजागरी नाही. वायुरूपात ही वलयं एकमेकांना सुमारे 44 अंशांनी पिळलेली असतात. स्फटिकात, खोलीच्या तापमानाला, सरासरी आकार सपाट. आणि सुमारे 40 केल्व्हिनच्या खाली तोच स्फटिक पुन्हा पिळाकडे झुकतो. एकाच बंधाबद्दल तीन परिस्थितींत तीन उत्तरं. त्यामुळे एकट्या रेणूचं गणित करून, त्याला एखाद्या स्केल फॅक्टरने गुणून, स्फटिकाच्या वर्णपटाशी जुळवलेला तक्ता दिसला की मी तो वाचत नाही. मध्य-अवरक्तात ते चालून जातं. इथे आकडे जुळले तरी तो योगायोग असतो, कारण 23 कंपनांच्या गर्दीत कुठल्याही शिखराजवळ काही ना काही सापडतंच.

मग वेगळं कसं करायचं? पहिली पायरी तापमानाची. 300 केल्व्हिनपासून 10 पर्यंत उतरत जा, निदान दहा ठिकाणी थांबा. बहुतेक शिखरं थंड होताना वरच्या वारंवारतेकडे सरकतात, कारण स्फटिक आकसतो आणि शेजारी जवळ येतात. जे शिखर जास्त सरकतं त्यात बाह्य डोलण्याचा वाटा जास्त, जे कमी सरकतं त्यात रेणूच्या आतल्या पिळाचा जास्त, असा सर्वसाधारण कल दिसतो. हा नियम नाही, कल आहे. एखादं शिखर उलट्या दिशेने सरकलं तर ते सोडू नका, तिथे बहुधा काहीतरी रंजक असतं: हायड्रोजन बंधांची फेरजुळणी, किंवा जवळ आलेलं अवस्थांतर. आणि थंड केल्यावर एकाची दोन झाली तर आधीचा ‘एक’ हा आपला भ्रम होता असं समजून मुकाट्याने तक्ता बदलायचा.

दुसरी पायरी समस्थानिकांची. ही खर्चिक आहे, पण तिच्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. टोकाच्या मिथिलमधले तीन हायड्रोजन काढून ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातले तर निव्वळ मिथिलच्या पिळाची वारंवारता जवळजवळ वर्गमूळ दोनने भागली जाते, म्हणजे जवळपास 30 टक्के घसरते. अख्ख्या रेणूच्या सरकण्याला मात्र फक्त वस्तुमान 300 चं 303 झाल्याचं कळतं. फरक अर्ध्या टक्क्याचा, 1 टेराहर्ट्झला 5 गिगाहर्ट्झ, तुमच्या यंत्राला जाणवणारही नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: स्फटिकातल्या मिथिलचा पीळ बहुधा 4.5 ते 9 टेराहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, तुमच्या खिडकीच्या बाहेर. शिवाय मिथिल फिरताना द्विध्रुव (रेणूतली विद्युतभाराची असमान वाटणी, जी बदलली तरच प्रकाश शोषला जातो) फारसा बदलत नाही, म्हणून खिडकीत असता तरी तो फिकाच दिसला असता. त्यासाठी अप्रत्यास्थ न्यूट्रॉन विकिरण बरं. न्यूट्रॉनला द्विध्रुवाशी देणंघेणं नाही, त्याला हायड्रोजन दिसतो, आणि फार ठळक दिसतो. कमी वारंवारतेचं रमणही (लेझर प्रकाशाच्या विकिरणावरून कंपनं मोजण्याचं तंत्र) जोडीला घ्या. केंद्र-सममिती असलेल्या स्फटिकात जे टेराहर्ट्झला दिसतं ते रमणला दिसत नाही आणि उलट, त्यामुळे दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

तिसरी पायरी भावंडांची. साखळी एका कार्बनने लांब केलेला रेणू, अमाइडच्या जागी एस्टर घातलेला रेणू. स्वस्त उपाय, पण नवा रेणू नव्या मांडणीत स्फटिक होतो, म्हणून तुलना जपून.

आणि गणित. घनता फलन सिद्धांताचं (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारं), पूर्ण स्फटिकाचं, विखुरण बलांची (रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाची) दुरुस्ती घालून. ती दुरुस्ती वगळली तर कोठी फुगते आणि खालची कंपनं घसरतात. कोठीची मापं शक्यतो थंड तापमानाच्या एक्स-रेमधून घ्या आणि वर्णपटही त्याच तापमानाचा घ्या. अणूंवरची बलं नेहमीपेक्षा किती तरी काटेकोर शून्यावर आणावी लागतात. मध्य-अवरक्ताला पुरेशी वाटणारी अचूकता इथे काल्पनिक (ऋण संख्येच्या वर्गमुळातून येणारी, निरर्थक) वारंवारता देते. निकाल आल्यावर सर्वांत जवळचा आकडा पकडून शिखराला चिकटवू नका. तीव्रता, तापमानाचा कल आणि समस्थानिकाचा फरक, तिन्ही एकदम जुळतात का ते बघा. मग प्रत्येक कंपनाची फोड करा आणि प्रबंधात असं लिहा: ‘0.84 च्या शिखरात अख्ख्या रेणूचं डोलणं इतके टक्के, मधल्या साखळीचे पीळ इतके टक्के, अमाइडच्या प्रतलाचं वाकणं इतके टक्के’. परीक्षकाला हे वाक्य लांबलचक वाटेल, पण रेणू खरोखर असाच हलतो. खळगा फार उथळ असेल, साखळी वीस-तीस अंश डोलत असेल, तर स्प्रिंगचं गणितच मोडतं. तिथे पिळाचा कोन पायरीपायरीने फिरवून ऊर्जेचा आलेख काढावा लागतो किंवा रेण्वीय गतिकीचं अनुकरण चालवून द्विध्रुवाच्या चढउतारांतून वर्णपट काढावा लागतो.

स्फटिकाबाहेरच्या अवस्थांबद्दल आता, कुठे थोडक्यात, कुठे सविस्तर. वायुरूप तुमच्या कामाचं नाही. 300 चा रेणू बाष्प व्हायच्या आत करपेल. लहान रेणूंत मात्र वायूइतकं तपशीलवार उत्तर कुठेच मिळत नाही. मिथेनॉलच्या मिथिलचा अडथळा सुमारे 373 प्रति सेंटिमीटर, आणि तो पार न करता त्यातून बोगदा काढून जाण्यामुळे प्रत्येक पातळी फुटते. त्या रेषांची दाटी अशी, की 2009 मध्ये गेलेल्या हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या वर्णपटांत तारे जन्मणाऱ्या ढगांकडे पाहताना जिकडेतिकडे मिथेनॉलच. खगोलशास्त्रज्ञ त्याला वैतागून तण म्हणतात.

अस्फटिकी घन हा माझा जिव्हाळ्याचा विषय. तुमचा पदार्थ वितळवून झटकन थंड केला तर काच होईल आणि सगळी शिखरं जातील, उरेल एक चढता उंचवटा. पुष्कळजण इथे ‘काही मिळालं नाही’ म्हणून पेलेट फेकतात. फेकू नका. 1 टेराहर्ट्झचं शोषण तापमानाशी मांडा. अगदी थंड असताना ते जवळजवळ सपाट असतं. मग एका तापमानाला रेघ वाकते आणि चढू लागते, आणि काच-संक्रमणाला (काच मऊ होऊ लागते त्या तापमानाला) पुन्हा वाकून आणखी तीव्र होते. अनेक लहान सेंद्रिय रेणूंच्या काचांमध्ये पहिलं वळण काच-संक्रमणाच्या केल्व्हिनमधल्या तापमानाच्या साधारण दोन तृतीयांशाला येतं. इंडोमेथासिन या औषधाचं काच-संक्रमण सुमारे 42 अंश सेल्सियसला, म्हणजे 315 केल्व्हिनला, तेव्हा पहिलं वळण 210 केल्व्हिनच्या आसपास अपेक्षित. त्या पहिल्या वळणाशी लवचिक रेणूचे सांधे मोकळे व्हायला लागलेले असतात, अख्खा रेणू मात्र अजून जागचा हललेला नसतो. अस्फटिकी औषध फडताळात ठेवल्यावर पुन्हा स्फटिक होईल का, या प्रश्नाला हे वळण भिडतं. तुमच्या मूळ प्रश्नाचं, साखळी किती मोकळी आहे याचं, सर्वांत सरळ उत्तर मला तरी स्फटिकापेक्षा इथे मिळेल असं वाटतं.

द्रावणाबाबत माझा सल्ला पाण्यापासून दूर राहण्याचा. 1 टेराहर्ट्झला पाणी इतकं शोषतं की 100 मायक्रोमीटरच्या थरातून जेमतेम दहावा भाग पलीकडे जातो. सेलच्या जाडीत 1 मायक्रोमीटरची चूक झाली तर सिग्नल दोन टक्क्यांहून जास्त बदलतो, आणि तुमच्या रेणूचा परिणाम बहुतेक वेळा त्याहून लहान. शिवाय विरघळलेला रेणू पाणी बाजूला सारतो, म्हणून शोषण वाढण्याऐवजी घटतं. आणि जे उरतं त्यातही बरंचसं रेणूचं नसतं, त्याच्याभोवतीच्या पाण्याचं असतं. प्रथिनांवर काम करणाऱ्यांनी ही अडचणच विषय केली: जर्मनीतल्या बोखुमच्या मार्टिना हावेनिथ यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवलं की प्रथिनाभोवतीचं बदललेलं पाणी अपेक्षेपेक्षा बरंच दूरवर, 10 अँगस्ट्रॉमच्याही (1 नॅनोमीटरच्याही) पलीकडे पोचतं. अमेरिकेतल्या बफेलोच्या अँड्रिया मार्केल्झ यांच्या गटाने 2014 मध्ये वेगळी वाट घेतली. लायसोझाइम या प्रथिनाचा एकच स्फटिक ध्रुवित टेराहर्ट्झ प्रकाशात वेगवेगळ्या कोनांतून मोजून एरवी एकसंध दिसणाऱ्या उंचवट्याखालची प्रथिनाची स्वतःची कंपनं त्यांनी वेगळी काढली. या दुसऱ्या युक्तीतून तुम्हालाही काही घेता येईल. तुमच्या पदार्थाचा मिलिमीटरभराचा एकल स्फटिक वाढवता आला तर पेलेट सोडून द्या. तो फिरवून मोजलात की कंपनाची दिशा कळते, आणि दिशा कळली की 23 उमेदवारांतले निम्मे एका दुपारीत बाद होतात. द्रावणच हवं असेल तर सायक्लोहेक्झेनसारखं अध्रुवीय द्रावक बघा, ते या पट्ट्यात बऱ्यापैकी पारदर्शक आहे. अमाइडमुळे विरघळणं अवघड जाईल, पण करून बघायला हरकत नाही.

तेव्हा पहिल्या आठवड्यात एवढंच करा: 3 मिलिमीटरची पेलेट, पर्ज नीट, 28 पिकोसेकंदांचं स्कॅन, सोबत नुसत्या पॉलिथिलीनची तेवढ्याच जाडीची पेलेट रेफरन्स म्हणून, आणि हेच द्रव नायट्रोजनच्या 77 केल्व्हिनला पुन्हा. 0.84 चं शिखर अरुंद होऊन वर सरकतं की दोनांत फुटतं, ते कळवा. एकल स्फटिक वाढवायचा की ड्युटेरियमवर पैसे घालायचे, हे त्यावर ठरवू.